खोलीच्या आतला इतिहास

डोंगरी किंवा भेंडीबाजारातल्या जुन्या चाळीत शिरणाऱ्या माणसाला पहिली दहा-बारा पावले काहीच दिसत नाही. बाहेर रस्त्यावर ऊन असते, अत्तराची आणि टोप्यांची दुकाने असतात, हातगाडीवाल्यांचा पुकारा असतो. दोन दुकानांच्या फटीत एक दार असते. त्यातून आत गेले की लगेच जिना लागतो, लाकडी आणि इतका उभा की त्याला शिडी म्हणावे. कठड्याच्या बाजूला वरून खाली एक जाड दोर सोडलेला असतो. शंभर वर्षांच्या हातांनी तो गुळगुळीत झालेला. नवखा माणूस भिंत चाचपतो. चाळीतला माणूस दोर धरून भराभर वर जातो.

मराठी साहित्यातली चाळ आपल्या चांगल्या ओळखीची आहे. पण ती बहुतेक गिरगावातली असते, नाहीतर लालबाग-परळची. कारकुनांची चाळ आणि गिरणी कामगारांची चाळ. डोंगरी, उमरखाडी, इमामवाडा, नागपाडा, मदनपुरा इथल्या चाळी त्याच काळात, त्याच सागवानी लाकडात आणि त्याच नकाशावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी खोल्यांमध्ये घरची बोली आपलीच होती. रत्नागिरी, राजापूर, दाभोळ, हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन, मुरूड या बंदरपट्टीतून आलेली कोकणी मुसलमान बिऱ्हाडे रस्त्यावर हिंदुस्थानी बोलत आणि दार ओलांडले की कोकणी मराठीत शिरत. या खोल्यांचा इतिहास आपण लिहिला नाही आणि इतरांना तो लिहिण्याचे कारण नव्हते. आता इमारतीच एकामागून एक उतरत आहेत, म्हणून निदान आतून एक फेरी मारून ठेवावी असे वाटते.

आधी सांगाडा पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी बांधलेल्या या इमारतींचे बळ भिंतीत नसते, ते लाकडी खांब आणि तुळयांत असते. खांबांच्या मधल्या जागेत विटा भरलेल्या. तुळयांवर आडवी कडी, कडीवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा किंवा फरशी. वर मंगलोरी कौले. मधोमध किंवा रस्त्याच्या अंगाला लांब गॅलरी आणि गॅलरीवर ओळीने उघडणाऱ्या खोल्या. खोली साधारण दहा फूट बाय दहा-बारा फूट. कोपऱ्यात शहाबादी फरशीची मोरी, वर लाकडी माळा. संडास मजल्याच्या टोकाला, सर्वांना मिळून. या रचनेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मोरीचे पाणी. मोरीतून झिरपलेला ओलावा वर्षानुवर्षे तुळईच्या टोकात मुरत राहतो आणि तुळई भिंतीत जिथे शिरते तिथेच कुजते. बाहेरून रंग दिलेली चाळ आतून कधी पोकळ झाली ते कळत नाही, याचे कारण हे.

इमारतीच्या मागे घरगल्ली. दोन चाळींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या, मध्ये हातभर-दोन हात रुंद बोळ. मलवाहिन्या येण्याआधी संडासातल्या टोपल्या याच बोळातून उचलल्या जात. वरच्या मजल्यांसाठी मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना असे. पुढच्या जिन्याने घरातली माणसे, मागच्या जिन्याने सफाईवाला. मुंबईच्या नगरपालिकेचे या कामासाठी वेगळे खातेच होते आणि त्याच्या कागदोपत्री या कामगारांना ‘हलालखोर’ म्हटले जाई. या नावाचा करही घरमालकांना भरावा लागे. हलालाची भाकरी खाणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. नाव एवढे थोर आणि वाट मागच्या बोळातून! समतेची शिकवण सांगणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांतही तो गोल जिना होताच, हे लिहून ठेवायला हवे.

या खोल्यांच्या आत सरकारचे पाऊल प्रथम पडले ते प्लेगच्या वेळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे डोंगरीचा शेजार. धान्याच्या वखारी, उंदीर आणि खच्चून भरलेल्या चाळी. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याने अधिकाऱ्यांना कोणत्याही घरात शिरण्याचा अधिकार दिला. तपासणीची पथके जिने चढू लागली. आजारी माणूस सापडला की इस्पितळात, त्याच्या सहवासातली माणसे छावणीत. खोलीतले सामान बाहेर, भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशकाचा मारा. आत उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या जागांवर ‘यू.एच.एच.’ अशी इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ज्यांना ती वाचता येत नव्हती त्यांनाही त्यांचा अर्थ लवकरच समजला.

प्लेगचा इतिहास आपल्याकडे पुण्याच्या रॅंडवधापाशी थांबतो. मुंबईत काय घडले ते फारसे सांगितले जात नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत तपासणीचे पथक एका आजारी मुलीसाठी आले. वस्तीने तिला नेऊ दिले नाही. गर्दी जमली, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल शहरभर पसरली. त्या वेळी प्लेग समितीचे प्रमुख होते जेम्स कॅम्पबेल, म्हणजे मुंबई इलाख्याच्या ज्या गॅझेटियरवर आजही आपले इतिहासलेखन उभे असते त्याचे संपादक. आपल्या जाती-जमातींची एवढी माहिती गोळा केलेला हा माणूस. पण माहिती असणे वेगळे आणि परक्या पुरुषांनी जिना चढून पडदा बाजूला सारणे वेगळे.

इंग्रज अधिकाऱ्यांनी या विरोधाला अडाणीपणा म्हटले. सुशिक्षित भारतीयांतही तसे म्हणणारे होते. रोग खरा होता आणि माणसे मरत होती हे नाकारता येत नाही; लपवलेल्या रुग्णामुळे शेजारच्या खोल्यांतले लोक गेले असतील हेही खरे. तरी त्या एका खोलीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. वाड्यात राहणाऱ्याला माजघर असते, बंगल्यात राहणाऱ्याला दिवाणखाना. दहा बाय दहाच्या खोलीत सरकार उंबऱ्यावर आले की ते थेट बिछान्यापाशी पोचते. मध्ये काहीच नसते. मृतदेह दफनापूर्वी तपासण्याचा नियमही असाच घरात घुसला आणि स्त्रियांच्या मय्यतीबाबत तो लोकांना असह्य झाला. पुढे सक्ती सैल झाली आणि जमातींना स्वतःची इस्पितळे चालवू देण्याकडे कल वाढला. खोजा, मेमन, बोहरा अशा निरनिराळ्या जमातींनी ती चालवली. लोक दवाखान्याला भीत नव्हते. आपले माणूस तिथे नेल्यावर त्याला कोण हात लावणार, ही त्यांची भीती होती.

प्लेगमुळेच १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्याच योजनांमध्ये नागपाडा होता. डोंगरीच्या टेकडीला फोडून सॅंडहर्स्ट रोड काढला, तोच आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. रुंद रस्त्यांसाठी दाट वस्त्या पाडल्या गेल्या आणि आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने बांधले त्याहून जास्त पाडले. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. ट्रस्टने बांधलेल्या चाळी आग्रीपाडा, नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, इमामवाडा, चंदनवाडी, परळ इथे उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक अजून ‘बी.आय.टी. चाळ’ या नावानेच ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब बरीच वर्षे राहिले.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना एका कोनाने झपाटले होते. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. खोलीत पुरेसा उजेड यायचा असेल तर खिडकीसमोरची इमारत या कोनाच्या रेषेपलीकडे वर जाता कामा नये, असा त्यांचा नियम. साध्या भाषेत, समोर जितकी मोकळी जागा असेल तिच्या दुपटीहून समोरची भिंत उंच नको. हा नियम मला फार आवडतो. त्यात दया नाही, दानत नाही, नुसती भूमिती आहे, आणि तरीही गरिबाच्या खोलीत ऊन कसे पोचेल हा प्रश्न त्यात कोणीतरी मोजपट्टी घेऊन विचारलेला आहे. आज या परिसरात जे मनोरे उठत आहेत त्यांना ती मोजपट्टी कोणी लावत नाही.

पण खोलीचा खरा नकाशा तिथल्या बायकांनी काढला. इंजिनिअरच्या कागदावर ती एक चौकोनी जागा होती. तिचे जनाना आणि मर्दाना करायचे कसे? दार दिवसभर उघडे ठेवावे लागे, नाहीतर आत श्वास घेववत नसे. म्हणून दार उघडे आणि पडदा पाडलेला. गॅलरीच्या कठड्यावर बांबूचे चिक सोडले की रस्ता आतून दिसे, बाहेरून आतले दिसत नसे. खोलीच्या मध्यावर कपाट किंवा एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पेट्या, त्याच्यामागे मोरी आणि चूल. पाहुणा आला की पेट्यांच्या पुढे बसे, चहाचा कप पेट्यांच्या मागून पुढे येई. आणि जागेपेक्षाही वेळेची वाटणी महत्त्वाची होती. फज्रच्या नमाजानंतर पुरुष कामाला बाहेर पडले की दुपारपर्यंत अख्खी गॅलरी बायकांची. तांदूळ निवडणे, लहानग्यांचे कायदे-सिपारे, एकमेकींच्या डोक्याला तेल, सगळे तिथेच. असरनंतर पुरुष परतू लागत तसतसे चिक खाली येत. रात्री खोलीत बायका-मुले, गॅलरीत मोठे मुलगे, आणि घरात वय झालेले पुरुष जास्त असतील तर कोणी दुकानाच्या फळीवर, कोणी फुटपाथवर. पुरुषांनी नाक्यावरच्या इराण्याकडे तासन्‌तास बसण्याला आपण रिकामटेकडेपणा म्हणतो. घरी बसायला जागा नव्हती हे त्याचे निम्मे कारण आहे.

पडदा म्हणजे घराची चार दालने असलेल्यांची चैन, असे एक मत आहे. या खोल्या पाहिल्या की ते अर्धवट वाटते. इथे पडदा हा जागेच्या टंचाईशी केलेला रोजचा करार होता आणि तो पाळण्याची मेहनत मुख्यतः बायकांच्या अंगावर पडे. पहाटे पुरुष उठण्याआधी मोरी उरकायची, सामाईक संडासाला अंधारात जाऊन यायचे, नळाचे पाणी येण्याची वेळ साधायची. विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२) या तलावांचे पाणी शहरात आले तरी ते मजल्यावरच्या एका नळापर्यंतच आले. तिथून पुढे ते हंडा-कळशीने खोलीत यायचे.

मय्यत झाली की इमारतीची परीक्षा असे. गुस्लसाठी मोरी पुरत नसे. गॅलरीच्या टोकाला चादरी धरून आडोसा करावा लागे. जनाजा त्या उभ्या जिन्यावरून उतरवताना पुढच्या माणसांना खांदा द्यायला वावच नसे. तिथे दोराला सोडून सगळे हात जनाज्याला लागत. शेजारच्या खोलीतला हिंदू किंवा ख्रिस्ती शेजारीही त्यात असे. हे मी कौतुकाने सांगत नाही; जिना अरुंद होता आणि हात कमी पडत.

या चाळींमधली सर्वांत वेगळी खोली म्हणजे गावाच्या जमातीची खोली. कोकणातल्या अनेक गावांच्या जमातींनी मुंबईत एखादी खोली भाड्याने धरलेली असे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे जसे ‘कूड’, तशीच ही आपल्या लोकांची सोय. बोटीवर काम करणारे खलाशी, सुखाणी, टंडेल, सारंग दोन सफरींच्या मध्ये इथे उतरत. परदेशी आगबोटींच्या डेकवरचे नाविक मोठ्या संख्येने रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून येत. नोकरी घाट सारंगाच्या मर्जीवर मिळे आणि ती मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने काढावे लागत. तोवर छप्पर खोलीचे. भिंतीला लागून छतापर्यंत पेट्या. प्रत्येक पेटीवर नाव आणि गाव. माणूस समुद्रावर असताना त्याचा पत्ता म्हणजे ती पेटी. वर्गणीची वही, पाळीने स्वयंपाक, नमाजाच्या वेळी अंथरुणे गुंडाळून तीच खोली जमातखाना. गावातल्या मशिदीचे कौल बदलायचे असो की कोणाच्या मुलीचे लग्न, पैसा याच वहीतून निघे. तार आली, मनिऑर्डर पाठवायची असली, कोणी आजारी पडून भाऊच्या धक्क्यावरून गावच्या बोटीत बसवून द्यायचा असला, सगळे इथूनच. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्याशी नाते असलेल्या सगळ्याच जाती-धर्मांच्या खोल्यांवर अशा बातमीचा पहिला घाव पडे.

या खोलीत बायकांना मुक्काम नव्हता. गावाचे सगळे निर्णय जिथे होत ती जागा संपूर्ण पुरुषांची होती आणि बायका गावी राहून शेत, घर आणि सासू-सासरे सांभाळत. कोकणातल्या आपल्या समाजात मनिऑर्डरवर चालणारी घरे आणि बायकांच्या हाती असलेला गाव हे जे चित्र तयार झाले, त्याची दुसरी बाजू ही खोली. पुढे आखाताची नोकरी आली तेव्हा मुंबईऐवजी दुबई-कुवेत झाले, एवढाच फरक. तिथेही दहा जण एका खोलीत, तिथेही पेट्या.

याच गल्ल्यांत १८९० च्या सुमारास मुरादाबादहून आलेल्या छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या भावांनी भेंडीबाजार घराणे रुजवले. मूळच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढच्या पिढीतल्या अमान अली खाँसाहेबांनी लता मंगेशकरांना तालीम दिली. घराण्याला बाजाराचे नाव असणे हे मला फार खरे वाटते. भिंती एवढ्या पातळ होत्या की रियाज कोणाचाही खाजगी राहिला नसेल.

आता भाडेपावतीकडे वळतो, कारण आजचे सगळे तंटे तिथे येऊन थांबतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळी ते गरजेचे होते, नाहीतर फाळणीनंतरच्या गर्दीत हजारो बिऱ्हाडे रस्त्यावर आली असती. पण पाच, दहा, पंधरा रुपये भाडे दशकामागून दशके तेच राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली. इथले मालक म्हणजे सगळे शेठ नव्हेत. कितीतरी चाळी मशिदींच्या आणि धर्मादाय ट्रस्टच्या होत्या, भाड्यातून मशिदीचा खर्च चालावा म्हणून दिलेल्या. म्हणजे तुळया कुजल्या तशी वक्फची मिळकतही कुजली. १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्तीची जबाबदारी एका मंडळावर टाकली. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या आणि त्यांतल्या १६,५०२ या १९४० पूर्वीच्या. एका मंडळाने टेकू लावून किती तगवायच्या?

भाडे गोठले तरी खोलीची किंमत गोठली नाही. ती पागडीतून वाहू लागली. पागडी घेणे गुन्हा होता आणि सर्रास चालत होते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. यातून एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल आपण जमातीत मोकळेपणाने बोलत नाही. भाडेकरू वारला की कायद्याप्रमाणे भाडेहक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीकडे जातो. वारसांचा विचार त्यानंतर. व्यवहारात ती व्यक्ती म्हणजे मुलगा. लग्न होऊन कुर्ल्याला किंवा मुंब्र्याला गेलेली मुलगी त्या खोलीत ‘राहत’ नसते, म्हणून तिचे नाव कुठेच येत नाही. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा आणि मुले असलेल्या विधवेला आठवा हिस्सा स्पष्ट दिला आहे. गावच्या जमिनीच्या बाबतीत तो कागदावर तरी येतो. मुंबईच्या खोलीच्या बाबतीत भाऊ म्हणतात, ही मिळकत नव्हे, नुसते भाडे आहे. आणि तीच खोली पुनर्विकासात गेली की भावाच्या नावावर मालकीचा फ्लॅट होतो. एरवी शरियतच्या रक्षणासाठी सभा भरवणारी माणसे इथे भाडेकायद्याचा आधार घेतात. वडिलांनी पागडी मोजली ती घराच्या पैशातून, कधी आईचे दागिने मोडून. त्या पैशात बहिणींचा हिस्सा नव्हता असे कोणत्या आलिमाने सांगितले?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर या इमारतींचे अंतरंग बदलले. सताड उघड्या असणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दारे आली. दूरच्या मिश्र वस्तीतून घाबरून आलेले नातेवाईक आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. तर इथली तरुण कुटुंबे जागेच्या शोधात मुंब्रा-मीरारोडकडे गेली. कित्येक खोल्यांत म्हातारी माणसे उरली, कित्येकींचे कारखाने झाले, माळ्यावर बिहारची मुले कारागिरी करू लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या खलाशांसारखीच तीही पेटीवर नाव लिहून झोपतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसे मेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतच केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि पुन्हा दहाहून जास्त जीव गेले. त्यामुळे जुन्या चाळी जशाच्या तशा जपाव्यात असे म्हणण्याचा अधिकार बाहेर राहून हळहळणाऱ्यांना नाही. भेंडीबाजारात बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारतींचा आणि ३,२०० कुटुंबांचा पुनर्विकास हाती घेतला. प्रत्येक कुटुंबाला किमान ३५० चौरस फुटांचे स्वतःचे घर, संडास आतमध्ये. ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटेच्या अंधारात गॅलरी ओलांडली तिला चिकच्या सौंदर्याबद्दल सांगून पाहावे.

अडचण जमातीच्या खोलीची आहे. पुनर्विकासाच्या यादीत पावतीवरचे नाव लागते, आणि तिथे पावती फार पूर्वी वारलेल्या एखाद्या सारंगाच्या किंवा खजिनदाराच्या नावावर असते. त्याचे नातू म्हणतात खोली आमची. गाव म्हणते खोली जमातीची. वर्गणीची वही असेल तर गावाला बोलायला आधार असतो. ती वही कुठे आहे, कोणत्या पेटीत, हे ठाऊक असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. चाळ रिकामी झाली की दरवाजे, कठडे आणि सागवानी खांब चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर विकायला येतात आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळते. पेट्या भंगारात जातात. आपल्या गावाची खोली अजून उभी असेल तर या सुट्टीत तिथे जाऊन पेट्यांवरची नावे उतरवून घ्यावीत आणि वह्यांचे फोटो काढून ठेवावेत.